नकाराची किंमत

जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञापुढे एक अगदी व्यवहारातली अडचण उभी होती. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या जागेत काही महिने राबून त्याने प्लेगची लस तयार केली होती. १० जानेवारीला ती त्याने स्वतःलाच टोचून घेतली. लशीने माणूस दगावत नाही एवढे त्यातून कळले. तिच्यामुळे प्लेग टळतो का, हे कळायला मात्र पुष्कळ माणसे हवी होती. ती एका छपराखाली राहणारी, एकच अन्न खाणारी आणि रोज मोजता येणारी हवीत, आणि त्यांच्यात प्लेग शिरलेलाही हवा. मुंबईतले लोक तर मिळेल त्या गाडीने गाव गाठत होते. न पळणारी माणसे होती ती भायखळ्याच्या तुरुंगात. महिना संपता संपता तिथे प्लेग पोचला. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीच्यांना टोचली नाही. टोचलेल्यांत लागण कमी झाली; न टोचलेल्यांत जास्त झाली आणि त्यातले काही मेले. पुढे ही लस लाखो लोकांना मिळाली. ती बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

हाफकिनला यात खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्याने आधी स्वतःचा दंड पुढे केला, कैद्यांना विचारले, आणि ज्या रोगावरची लस होती तो रोग त्या कैद्यांच्या उशाशी येऊन बसला होता. त्याच साली पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोजीर कुणालाही न विचारता घरात घुसून बायामाणसांच्या काखा तपासत होते. त्या काळाच्या मानाने भायखळ्यात झाले ते पुष्कळ सभ्य होते. तरी एक गोष्ट खटकते. कैदी निवडले गेले ते त्यांना प्लेगचा धोका इतरांपेक्षा जास्त होता म्हणून नव्हे, तर ते जागचे हलू शकत नव्हते म्हणून. कोंडलेला माणूस संशोधकाला सोयीचा पडतो. वैद्यकीय संशोधनातल्या नीतीचा सगळा प्रश्न या सोयीपाशी सुरू होतो, आणि गेल्या सव्वाशे वर्षांतली जवळजवळ प्रत्येक वादग्रस्त चाचणी फिरून तिथेच येते.

भायखळ्यानंतर बेचाळीस वर्षांनी औंध संस्थानात कैद्यांवर आणखी एक प्रयोग झाला. तो वैद्यकीय नव्हता, पण या प्रश्नाला त्याच्याइतकी चांगली मोजपट्टी मला दुसरी सापडलेली नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना लागू केली. या खटाटोपात राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर होता. आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसवावी, ही कल्पना त्याची. स्वतंत्रपूर तिचे नाव. कैद्यांनी तिथे शेती करावी, बायकामुलांसह राहावे आणि पळून जाऊ नये ते पळता येत नाही म्हणून नव्हे, अशी ही योजना. ग. दि. माडगूळकर याच आटपाडीकडचे. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली ती याच वसाहतीवरून. सांगली जिल्ह्यात स्वतंत्रपूर आजही खुली वसाहत म्हणून चालू आहे.

स्वतंत्रपूरच्या कैद्याचा होकार खरा होता, कारण त्याच्यासमोर मोकळा माळ होता. आणि प्रयोग फसला असता तर नामुष्की राजाची झाली असती, कैद्याची नव्हे. धोका कुणी पत्करला आणि नकाराला वाट होती का, हे दोन प्रश्न कुठल्याही संशोधनाला विचारावेत. याच राजाने संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, त्यांवर इंग्रजीत पुस्तकही काढले. पोरांची संमती कुणी घेतली नव्हती. घेतली असती तर सकाळी निम्मी पटांगणे ओस पडली असती. पण राजा स्वतः ते नमस्कार रोज घालायचा, म्हणून तक्रारीला फारशी जागा उरत नव्हती. हान्स योनास या तत्त्वज्ञाने १९६९ साली जवळपास हेच सूत्र गंभीरपणे मांडले आहे. प्रयोगासाठी माणसे हवी असतील तर आधी संशोधकांनी स्वतः यावे, मग ज्यांना प्रयोग कळतो आणि पटतो अशा शिकलेल्या, सुस्थितीतल्या लोकांनी. गरीब, अडाणी, कोंडलेल्या माणसांचा नंबर सर्वांत शेवटी लागावा. प्रत्यक्षातली रांग नेमकी उलट्या बाजूने लागते.

हे उलटेपण जगासमोर सर्वांत ठळक आले ते न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात. डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७ असा तो चालला. २३ आरोपींपैकी १६ दोषी ठरले आणि सात जणांना फाशी झाली. छळछावण्यांतले त्यांचे प्रयोग इथे पुन्हा सांगायची गरज नाही. पण त्यांच्या वकिलांनी घेतलेला एक बचाव आपल्या कामाचा आहे. अमेरिकेतही इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात शेकडो कैद्यांना मुद्दाम मलेरिया देऊन औषधे तपासली जात आहेत, मग आम्हीच तेवढे गुन्हेगार कसे, असे त्यांनी विचारले. तुलना खोटी होती, कारण स्टेटव्हिलच्या कैद्यांना विचारले गेले होते. पण प्रश्न बोचला तो बोचलाच. निकालपत्रात दहा कलमांची जी संहिता आली तिचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. गंमत अशी की अमेरिकी डॉक्टरांनी ती संहिता जर्मनांसाठी आहे असे धरले आणि आपली कामे चालू ठेवली. अलाबामातल्या टस्किगीत १९३२ पासून सिफिलिस झालेले ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुष ‘निरीक्षणाखाली’ होते. पेनिसिलिन आले, सगळीकडे मिळू लागले, तरी त्यांना ते दिले गेले नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटेपर्यंत हे चालले. तिथल्या डॉक्टरांचे समर्थन काय होते? ही माणसे नाहीतरी कुठल्या दवाखान्यात गेली असती? त्यांना नाहीतरी काय उपचार मिळणार होते?

हे समर्थन लक्षात ठेवावे. ते आपल्याकडेही आले आणि फार सभ्य भाषेत आले.

दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) एका संस्थेने १९७६ ते १९८८ या काळात अकराशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्या गर्भाशयमुखात कर्करोगाच्या आधीचे बदल दिसले होते. त्यातले किती पुढे कर्करोगाकडे जातात हे पाहायचे होते, म्हणून उपचार न करता त्या बदलांवर नजर ठेवली गेली. किमान ७१ जणींत ते कर्करोगापर्यंत गेले. त्यातल्या नऊ जणींत कर्करोग खोलवर शिरला. लेखी संमती नव्हती. १९९७ मध्ये हे छापून आले तेव्हा, त्या काळी लेखी संमतीचा नियमच नव्हता, असे उत्तर मिळाले. वास्तविक आयसीएमआरने संशोधनातल्या नीतीविषयी आपले धोरण १९८० मध्येच प्रसिद्ध केले होते, म्हणजे अभ्यास चालू असतानाच. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात जवळपास असाच प्रकार झाला होता. १९८७ मध्ये दोन स्त्रियांनी मासिकात लेख लिहून तो उघड केला; न्यायाधीशांची चौकशी बसली आणि रुग्णांच्या हक्कांचा कायदा व आयुक्त त्या देशाला मिळाले. दिल्लीच्या प्रकरणानंतर आपल्याला २००० सालची आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे मिळाली. ती चांगली आहेत. पण तत्त्वे पुढच्या बायांसाठी असतात. आधीच्या अकराशेंचे काय, हे त्यात येत नाही.

आता महाराष्ट्र. इथे मला जरा थांबायचे आहे, कारण हे प्रकरण काळे-पांढरे नाही, आणि त्यात गुंतलेले लोक वाईट नव्हते.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे खेड्यांतले काम मोठे आहे. ग्रामीण भागातल्या कर्करोगाची भारतातली पहिली नोंदवही १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली. या हॉस्पिटलने मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक चाचणी हाती घेतली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. ४९७ गावांचे ५२ समूह केले, त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया घेतल्या आणि त्यांचे चार गट पाडले. एका गटाची एकदा, या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या गटाची तपासणी नाही; रोगाची माहिती आणि गरज वाटली तर कुठे जावे हे सांगणे, एवढेच. निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यातल्या ३४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ होत्या, त्यातल्या ६४ मेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात, हा शोध लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायांची आकडेवारीही आहे.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून असेच काम केले, अमेरिकी सरकारच्या कर्करोग संस्थेच्या पैशाने. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी व्हिनेगर तपासणी झाली, निम्म्यांची झाली नाही. बारा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तपासणी झालेल्यांत ६७ मृत्यू होते आणि न झालेल्यांत ९८. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये शिकागोत हा निकाल वाचला गेला आणि त्याचे मोठे कौतुक झाले. पण त्याआधीच एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरने तक्रार केली होती. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतल्या दिंडिगुल इथल्या तीन चाचण्या एकत्र धरल्या तर १,३८,६२४ स्त्रियांना तपासणी देण्यात आली नव्हती, आणि त्यातल्या किमान २५४ या रोगाने मेल्या, हे त्याचे गणित. अमेरिकेच्या सरकारी कार्यालयाने मुंबईच्या चाचणीतली संमती अपुरी ठरवली. तपासणीचे इतर मार्ग अस्तित्वात आहेत, ते आपल्याला मिळू शकतात, हे त्या स्त्रियांना नीट सांगितले गेलेले नव्हते.

संशोधकांचे उत्तर असे. भारतात सरकारी तपासणी कुठेच नव्हती. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांचे आम्ही काही काढून घेतले नाही. चाचणी झाली नसती तरी त्या तशाच मेल्या असत्या. चाचणी झाली म्हणून निदान उरलेल्या गटांतल्या कित्येक वाचल्या. पॅप चाचणीला लागणारी माणसे आणि प्रयोगशाळा भारतातल्या खेड्यांत उभ्या राहणार नाहीत, म्हणून स्वस्त पर्याय खरोखर जीव वाचवतो का हे दाखवणे भाग होते. आणि तुलनेला काहीच न मिळणारा गट नसेल तर सरकार ऐकत नाही.

हे उत्तर हलके नाही. तरी मला ते पुरत नाही. नियमित तपासणीने या रोगाचे मृत्यू घटतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून तोवर दशकानुदशके माहीत होते. शोधायचे होते ते स्वस्त तपासणी कितपत चालते हे. त्यासाठी उस्मानाबादेत तपासणीचे तीन गट होतेच, त्यांची एकमेकांशी तुलना करता आली असती. उत्तर कदाचित कमी लखलखीत आले असते, मासिकांना कमी आवडले असते. म्हणजे चौथा गट आकडा ठसठशीत व्हावा म्हणून होता. आणि अशा गटात कुणाला घालता येते? पुण्यातल्या कोथरूडमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये बारा वर्षे काहीही न करता स्त्रियांवर नजर ठेवायची परवानगी कुठल्याच समितीने दिली नसती. ती मराठवाड्यात आणि झोपडपट्टीत मिळाली, कारण तिथे आधीपासूनच काही नव्हते. सरकारने वर्षानुवर्षे न केलेले काम इथे संशोधनाचा पाया झाले. ‘नाहीतरी त्यांना काय मिळत होते’ हे टस्किगीचे वाक्य इथे कुणी तोंडाने उच्चारले नाही. चाचणीच्या आराखड्यातच ते बसलेले होते. एक फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. टस्किगीत फसवणूक होती, उपचार मुद्दाम अडवले होते, रोग्यांचे रोग ठाऊक होते. बार्शीच्या डॉक्टरांनी यातले काही केले नाही. दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आणि सरकारने ऐकले का? ज्या युक्तिवादावर चौथा गट उभा राहिला तो हाच होता की आकडे पाहून सरकार हलेल. केंद्राने २०१६ मध्ये तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतरच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. त्या ६४ आणि ९८ जणींच्या मृत्यूंची जी किंमत ठरली होती, ती देशाने अजून चुकती केलेली नाही.

संमतीचा दुसरा चेहरा खम्मममध्ये दिसला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम आणि गुजरातमधले वडोदरा इथे २००९-१० मध्ये सुमारे २४ हजार मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी बहुधा संबंध नाही असे चौकशी समितीने म्हटले, आणि तसे मानायला जागा आहे. पण कागद उघडले तेव्हा असे आढळले की आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. आईबाप दूरच्या पाड्यावर, मुलगी सरकारी वसतिगृहात, आणि सही त्या वसतिगृहाच्या नोकराची. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, हे खरे. पण त्या बेफिकिरीमुळे लशीविषयीचा संशय देशात वर्षानुवर्षे मुरला आणि त्याचा तोटा पुन्हा मुलींनाच झाला. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आश्रमशाळांत किती पोरे राहतात हे आठवले की अंगावर येते.

मग दुर्बलांवर संशोधनच करू नये का? हा निष्कर्ष काही जण काढतात. तो सोपा आहे आणि घातकही. सिकलसेलचा अभ्यास आदिवासींमध्ये करायचा नाही तर कुठे करायचा? विंचूदंशाचा अभ्यास शहरातल्या विसाव्या मजल्यावर होणार नाही. ज्यांचा रोग त्यांच्यातच त्याचे उत्तर शोधावे लागते, आणि त्यांना संशोधनातून वगळणे हाही त्यांचा तोटाच.

विंचवाचेच उदाहरण घ्यावे. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाने माणसे, विशेषतः मुले, पटापट मरत होती. हृदय कसे निकामी होते हे त्यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून टिपले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिले. मृत्यू झपाट्याने घटले. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष आले तेव्हा महाडला त्यांनी ७० रुग्णांवर रीतसर तुलनात्मक चाचणी केली. ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली छापली गेली. त्या चाचणीत निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष, निम्म्यांना नुसते प्राझोसिन. नुसती साखरेची गोळी कुणालाही नाही. जे उत्तम म्हणून माहीत होते ते प्रत्येकाला मिळाले आणि त्याच्या वर काय चढते हे तपासले गेले. शिवाय शोध लागला त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यांत तो वापरात आला.

बावसकरांची चाचणी आणि उस्मानाबादची चाचणी यांच्या मधल्या जागी गडचिरोली येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, ४७ गावे तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात प्रकल्पाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता आणि तुलनेच्या गावांत ५९.६. तुलनेच्या गावांत मेलेल्या बाळांचा प्रश्न इथेही उभा राहतो आणि तो विचारायला संकोच करू नये. माझे उत्तर उस्मानाबादपेक्षा वेगळे येते ते दोन कारणांनी. गावातली कमी शिकलेली बाई बाळाच्या जंतुसंसर्गावर घरात उपचार करू शकेल, इंजेक्शन देऊ शकेल, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. उलट त्यातून अपाय होईल अशी भीती डॉक्टरांना होती. म्हणजे प्रश्न खरोखरच उघडा होता. दुसरे, उत्तर परत आले. नवजात बाळांना घरी जाऊन तपासणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्त्या देशभर २०११ पासून हेच काम करतात. संशोधक त्याच गावकुसाशी राहतो तेव्हा परतफेडीचा तगादा त्याला रोज दारात भेटतो, हेही एक कारण असावे.

आता कायद्याकडे. तो गेल्या पंधरा वर्षांत खूप पुढे गेला आहे आणि त्याचे श्रेय इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचासारख्या संघटनांना जाते. त्यांच्या याचिकेत सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ माणसे मेली, त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे. बाकीचे आजाराने, असे म्हणणे. अनेक जण खरोखर गंभीर आजारी असतातही. पण २०१३ पर्यंत भरपाईचा धड नियमच नव्हता. तो आला, पुढे २०१९ मध्ये औषधचाचण्यांचे नवे नियम आले. दुर्बल गटातल्या माणसांवर नव्या रसायनाची चाचणी असेल तर संमतीचे चित्रण करावे लागते. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीतले निम्मे सभासद बाहेरचे हवेत. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट. मृत्यू झाला तर भरपाईचे सूत्र आहे: आठ लाख पाया धरून वय आणि आजाराची तीव्रता यांचे गुणक. महिनाभरात मरण्याची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेला रोगी असेल तर सरसकट दोन लाख. हा तक्ता वाचताना पोटात गोळा येतो, पण तक्ता नव्हता तेव्हा घरच्यांच्या हाती काहीच पडत नव्हते.

फट आहे ती दुसरीकडे. तुलनेच्या गटातल्या माणसाला योग्य उपचार न दिल्यामुळे नुकसान झाले तर नियमांत भरपाई आहे. अट अशी की ते उपचार ‘उपलब्ध असूनही’ दिलेले नसावेत. म्हणजे पुण्यातल्या रोग्याला संरक्षण आहे. जिथे उपचार उपलब्धच नाहीत तिथल्या माणसाला या कलमाचा उपयोग किती? उस्मानाबादच्या चौथ्या गटातली बाई आज असती तरी याच फटीतून घसरली असती. शिवाय हे नियम मुख्यतः औषधांचे आहेत. तपासण्या, आहार, सवयी, सर्वेक्षणे यांवरच्या संशोधनात भरपाईची जबाबदारी इतकी घट्ट नाही. कमिट्या आहेत, नोंदणीकृत आहेत. पण त्यात बसणारा ‘सामान्य माणूस’ बहुधा शहरातला निवृत्त गृहस्थ असतो. ज्या गावांवर प्रयोग व्हायचा त्या गावातली एक बाई कमिटीत हवीच, आणि तुलनेच्या गटाला काय मिळणार या कलमावर तिचे मत नोंदवल्याशिवाय मंजुरी मिळू नये, असा नियम करायला काय हरकत आहे? पन्नास किलोमीटरच्या आतली कमिटी हवी अशी अट नियमांत आहेच. अंतर मोजतात, मग माणूसही मोजावा.

हे सगळे गावाकडच्या माणसाच्याही कामाचे आहे. सातारा-सांगलीकडचा माण, खटाव, आटपाडी हा कोरडा मुलूख. माणसे पोटासाठी मुंबईला जातात, नाहीतर सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात देशभर पांगतात, आणि दुखणे आले की ज्या दवाखान्यात पैसे लागत नाहीत तिथे जातात. फुकट तपासणी, फुकट औषध, जाण्यायेण्याचे भाडे, यातले काहीही चाचणीचा भाग असू शकते आणि त्यात वाईट असे काही नाही. भाग घ्यायलाही हरकत नाही. कुणीतरी घेतला म्हणूनच आपल्याला औषधे मिळाली. पण सही करण्याआधी विचारा: मी नाही म्हटले तर माझे नेहमीचे उपचार थांबतील का? दुसऱ्या गटाला काय मिळणार आहे? मला काही झाले तर खर्च कुणाचा? आणि औषध चांगले निघाले तर चाचणी संपल्यावर ते मला मिळणार का? माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात देणे औषधचाचणीच्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि कधीही बाहेर पडण्याचा हक्कही. त्या कागदावर एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचा संपर्क दिलेला असतो. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, आणि शंका असेल तर तो नंबर फिरवा.